बारक्याची पेटी

माझ्या मामेसासऱ्यांनी आयुष्यात एकही गोष्ट गरजेपुरती केलेली नाही. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. गाव गुहागरजवळ, धंदा सुतारकीचा आणि मुक्काम सौदी अरेबियाच्या दक्षिणेला डोंगरात वसलेल्या खमीस मुशैत या शहरात. तिथल्या एका बांधकाम कंपनीत ते सुतारांचे फोरमन होते आणि मी त्याच कंपनीच्या ऑफिसात कामगारांचे इकामे म्हणजे राहण्याचे परवाने, सुट्ट्या, व्हिसे असले कागद सांभाळतो. ही नोकरी मला त्यांनीच लावून दिली, त्यामुळे त्यांच्याबद्दल तक्रार करायचा मला अधिकार नाही, पण लिहायला कोणाची परवानगी लागत नाही. मी इथे आल्यावर त्यांनी माझ्यासाठी पहिल्या आठवड्यात एक स्टूल केलं. मी एकटा माणूस, वजन बासष्ट किलो. त्या स्टुलाला सहा पाय होते. चार का नाहीत असं विचारल्यावर ते म्हणाले, "जावईबापू, उद्या जाड झालात तर?" अकरा वर्षं झाली, मी आता एक्क्याऐंशी किलोचा आहे आणि स्टूल कुरकुरतही नाही, तेव्हा या बाबतीत त्यांच्याशी वाद घालणं मी सोडून दिलं आहे.

मामांच्या कानावर पेन्सिल आणि खिशात टेप कायम असायची. पेन्सिल अंघोळीच्या वेळी तरी काढत असतील अशी माझी समजूत आहे, खात्री नाही. दिसेल त्याचं माप घ्यायचं हा त्यांचा स्वभाव. माझ्या साखरपुड्यात ते सुट्टीवर होते, तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं, हात जोडले आणि शेजारच्या माणसाला हळूच सांगितलं, "पाच फूट सव्वासहा इंच." मी सगळीकडे पाच-सात सांगत आलो होतो. त्या दिवसापासून आमच्या नात्याला एक प्रकारचा प्रामाणिकपणा आला. प्लास्टिकवर मात्र त्यांचा राग. प्लास्टिकची खुर्ची दिली तर ते उभे राहायचे. सही करायला आले की माझ्या ऑफिसातले एकमेव लाकडी कपाट प्रेमाने थोपटायचे आणि मग माझ्याकडे वळायचे.

अशा माणसाने कुत्रा पाळायचा म्हटल्यावर तो मांजराएवढा कशाला असेल? मामांचा कुत्रा आयरिश वुल्फहाउंड होता. ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो: वासराएवढी उंची, राखाडी रंगाचे राठ केस, चेहरा पेन्शनीत निघालेल्या हेडमास्तरांचा, आणि मागच्या दोन पायांवर उभा राहिला तर मामांच्या टोपीच्या वर हात दीड हात. जेवणाच्या टेबलापाशी आला की मान वर न करता त्याची हनुवटी थेट ताटाशेजारी यायची. ही जात जुन्या काळी लांडग्यांच्या शिकारीसाठी तयार केली असं म्हणतात. मामांनी त्याचं नाव ठेवलं बारक्या. का, तर आणला तेव्हा तो जेमतेम वर्षाचा होता आणि मामांच्या मते "अजून अंगात भरायचा" होता.

तो मामांकडे आला त्याचीही एक कथा आहे. आमच्या कफीलाच्या, म्हणजे ज्याच्या नावावर आम्ही सगळे या देशात राहतो त्या मालकाच्या, डोंगरात मेंढ्या आहेत. तिथे लांडगे येतात. कफीलाच्या मुलाने हौसेने युरोपातून हा लांडगेमार कुत्रा विमानाने मागवला आणि मेंढ्यांच्या वाड्यात सोडला. पंधरा दिवसांत लांडग्यांनी दोन मेंढ्या नेल्या. बारक्या त्या वेळी उरलेल्या मेंढ्यांच्या मधोमध अंग चोरून बसलेला होता म्हणे. मालकाच्या मुलाने हात टेकले. योगायोगाने मामा तिथे वाड्याचं दार बसवायला गेले होते. त्यांनी दार बसवलं, कुत्र्याच्या पाठीची उंची मोजली, आणि संध्याकाळी खानसाहेबांच्या पिकअपमध्ये मागे बारक्याला घेऊन परतले. खानसाहेब म्हणजे आमचे पेशावरचे ड्रायव्हर, पाच वेळचे नमाजी. त्या दिवशी त्यांनी मागची काच घट्ट लावून घेतली आणि पुढचा आठवडाभर गाडी धुतली.

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं म्हणतात, ते मला बारक्यामुळे समजलं. खमीसच्या आसपास डोंगरात मोठी मोठी माकडं आहेत, कुत्र्यासारख्या तोंडाची. ती टोळीने खाली येतात आणि कचऱ्याचे डबे उलटे करतात. एका शुक्रवारी सकाळी बारक्यासमोर त्याच्या आठ खुबूस, म्हणजे इकडच्या मोठ्या रोट्या, मोडून ठेवल्या होत्या. एक माकडीण पिल्लाला पोटाशी घेऊन भिंतीवरून उतरली आणि सरळ ताटाकडे आली. लांडग्यांचा हा पिढीजात वैरी उठला, दोन पावलं मागे सरला आणि तिला नीट बसता यावं म्हणून जागा करून दिली. आम्ही सगळे पोट धरून हसत होतो. मामा गंभीरपणे म्हणाले, "खानदानी आहे तो. लेकुरवाळीवर धावून जाणं त्याच्यात बसत नाही." दुसऱ्या आठवड्यात एकटाच हुप्प्या आला, तेव्हा बारक्या मामांच्या मागे जाऊन उभा राहिला. त्यालाही मामांकडे उत्तर होतं: तो लांडग्यांच्या कामाचा माणूस, त्याला माकडांचं काम सांगणं चूक आहे. सुताराला कोणी प्लंबिंग सांगतं का?

कुत्रा कंपनीच्या लाकडाच्या यार्डात राहायचा आणि यार्डाला लागूनच मामांची खोली. हळूहळू त्यांचा सगळा दिनक्रम बारक्याच्या मापाने कापला गेला. सकाळी कामावर जाण्याआधी डोंगराच्या बाजूला फेरी. शुक्रवारी जिझानहून आलेली सुरमई आणायची, आमटी करायची, आणि काटे काढायला अर्धा तास बसायचं. एवढे काटे त्यांनी स्वतःच्या मुलांनाही काढून दिले नसतील, आणि देणार कधी, मुलं तिकडे आणि हे इकडे. अजान झाली की लोक यार्डावरून मशिदीकडे जात, आणि नमाजासाठी हातपाय धुऊन, म्हणजे वजू करून, निघालेल्या माणसाला कुत्र्याची लाळ लागणं बरं नाही, म्हणून मामा त्या वेळी बारक्याला आतल्या कोपऱ्यात बांधायचे. सहा महिन्यांत असं झालं की अजान सुरू झाली की बारक्या स्वतःच उठून कोपऱ्यात जाऊन बसायचा आणि शेवटचा माणूस गेल्यावरच बाहेर यायचा. खानसाहेबांनी हे पाहिलं. त्याला हात त्यांनी कधीच लावला नाही, पण त्यानंतर मंदीच्या, म्हणजे इकडच्या मटण-भाताच्या, हॉटेलातून दर गुरुवारी हाडांची एक पिशवी यार्डाच्या खिळ्याला अडकवलेली असायची, आणि ती कोणी लावली हे विचारायचं नाही असा नियम होता.

कागदाच्या बाबतीतही मामांनी कमी केलं नाही. एके दिवशी माझ्याकडे आले आणि म्हणाले, बारक्याचं तनाजुल करून द्या. तनाजुल म्हणजे सोडपत्र. एका कफीलाकडचा माणूस दुसऱ्याकडे जायचा तर पहिल्याने आपला हक्क सोडल्याचं लिहून द्यावं लागतं. या माणसाने बावीस वर्षांत स्वतःचं तनाजुल कधी मागितलं नव्हतं, चांगल्या कंपन्या बोलवत होत्या तेव्हाही नाही. पण कुत्र्याचं हवं होतं. मी म्हटलं, मामा, कुत्र्याला इकामा नसतो. ते म्हणाले, "जावईबापू, उद्या हा मोठा होईल, देखणा होईल, आणि ते लोक मागायला येतील. तेव्हा मी काय दाखवू?" शेवटी मी साध्या कागदावर टाईप केलं. मालकाचा मुलगा इतका हसला की सही वाकडी आली. मामांनी तो कागद लॅमिनेट करून स्वतःच्या इकाम्यामागे पाकिटात ठेवला आणि रस्त्यात पोलिसांनी इकामा मागितला की दोन्ही दाखवायचे.

यार्डाच्या दाराच्या चौकटीवर मामा पेन्सिलने बारक्याची उंची लिहायचे. दर महिन्याला एक रेघ, शेजारी तारीख. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा थट्टा केली. ते म्हणाले, आमच्या दोन पोरांची उंची मी कधी वाढताना पाहिली नाही. दोन वर्षांनी गेलो की एकदम वीतभर वाढलेले सापडायचे, मग माप घेऊन करायचं काय. एवढं बोलून त्यांनी रंधा उचलला. मला त्या चौकटीची थट्टा परत करता आली नाही.

खरं तर बारक्या आला त्याच वर्षी मामा कायमचे घरी जायचे होते. धाकट्याचं शिक्षण संपत होतं, आणि मामींनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं की यंदाच्या गणपतीला तुम्हीच मूर्ती पाटावर ठेवायची, किती वर्षं मी दिरांच्या हातापाया पडू. मामा हो म्हणाले. मग बारक्या आला, आणि मामांची कारणं सुरू झाली. पहिल्या वर्षी तो लहान होता. दुसऱ्या वर्षी त्याला सवय लागायची होती. तिसऱ्या वर्षी त्याचं पोट बिघडलं होतं. सगळ्या कॅम्पाला, म्हणजे कामगारांच्या वसाहतीला, वाटे, मामांना नोकरी सुटत नाही. मामींनाही तसंच वाटत असणार. मध्ये थोरल्या मुलाचं लग्न झालं, तेव्हा दोन महिन्यांच्या सुट्टीतले मामांनी फक्त बारा दिवस घेतले आणि बारक्याला माझ्या हवाली केलं. त्या बारा दिवसांत माझ्या नाकी नऊ आले. बारक्याने जेवण सोडलं. मामा लग्नाच्या मांडवातून दिवसात तीनदा फोन करायचे आणि मी तो बारक्याच्या कानाला लावायचा. ऐन मुहूर्ताच्या वेळीही त्यांचा फोन आला, मागे मंगलाष्टकं ऐकू येत होती. एव्हाना माझी बायको आणि मुलगी इकडे राहायला आल्या होत्या. मुलगी, जी आमच्याशी मराठीत बोलायला तयार नसते, यार्डात बारक्याच्या गळ्यात हात टाकून मला म्हणाली, "पप्पा, ही इज मिसिंग आजोबा. बुला लो ना उनको." तेराव्या दिवशी मामा विमानतळावरून थेट यार्डात आले, अंगात अजून लग्नाचा झब्बा, आणि बारक्याने दोन्ही पंजे त्यांच्या खांद्यावर ठेवले. मामा खाली बसले ते अर्धा तास उठले नाहीत.

मामांना साठावं लागलं आणि कंपनीने आता जा म्हणून सांगितलं. मी त्यांचा फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं जाण्याचा व्हिसा, काढून ठेवला. कुत्र्याचं काय, हे त्यांना विचारायचा धीर मला होईना. तो प्रश्न सोडवला मामींनी. त्यांनी मला फोन केला. बहुधा सुनेने त्यांना त्या लग्नातल्या फोनांचं गुपित सांगितलं असावं. म्हणाल्या, "जावईबापू, मी इतकी वर्षं समजत होते, ह्यांना तिकडचा पगार सुटत नाही. कुत्र्यासाठी थांबलेत हे मला सांगायचं नाही का? गोठा रिकामाच आहे. घेऊन या म्हणावं त्याला." मी हे मामांना सांगितलं, तेव्हा त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, पाहिली, परत ठेवली, आणि विमानाने कुत्रा न्यायचा तर पेटी केवढी लागते ते विचारलं.

मी नियम काढून दिले: कुत्र्याला आत उभं राहता आलं पाहिजे, वळता आलं पाहिजे, हवा लागली पाहिजे. बाजारात तयार प्लास्टिकच्या मिळतात असंही सांगितलं. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला. बारक्या युरोपातून प्लास्टिकच्या खोक्यात आला होता, आणि तो लांडग्यांना घाबरतो याचं मूळ त्या खोक्यातच आहे असं मामांचं ठाम मत होतं. पुढचे दोन महिने काम सुटल्यावर ते पेटीवर होते. मालकाच्या जुन्या दिवाणखान्याची सागवानी दारं उतरवली होती, ती त्यांनी मागून घेतली. कोपऱ्यांना खिळा नाही, सगळे सांधे खाचेचे. हवेसाठी तिन्ही बाजूंना जाळी, आणि ती जाळी गावच्या देवळाच्या खिडकीच्या नक्षीची. पितळी कड्या. पाण्याचं भांडं हलू नये म्हणून खोबण. आणि दाराच्या आतल्या बाजूला एक चपटा कप्पा, तनाजुलचा कागद ठेवायला. पूर्ण झाली तेव्हा सगळा कॅम्प पाहायला आला. बारक्या आत गेला, एकदा वळला, बसला आणि झोपून गेला.

मग कार्गोचा माणूस आला. त्याने पेटी हलवून पाहिली, हलली नाही. चौघांनी काट्यावर चढवली. बारक्या अडुसष्ट किलो, पेटी एकशे अकरा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हे मी मनात म्हणायचं ते तोंडातून निघून गेलं. कार्गोवाला म्हणाला, हे विमानात जाणार नाही. मामा म्हणाले, पण ही तीन पिढ्या टिकेल. कार्गोवाल्याने फक्त एवढंच विचारलं, प्रवास किती तासांचा आहे? दुसऱ्या दिवशी मामा माझ्याकडे आले आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले की प्लास्टिकची पेटी मागवा. तेव्हा मला समजलं की या माणसाला घरी जायचं आहे, आणि एकट्याने जायचं नाही.

ती पेटी मागवायची वेळच आली नाही. प्रवासाच्या दाखल्यासाठी आम्ही बारक्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. सुदानचा तरुण डॉक्टर होता, शांत बोलणारा. त्याने बराच वेळ छातीला नळी लावून ऐकलं. मग म्हणाला की इतक्या मोठ्या जातीचे कुत्रे सात-आठ वर्षंच जगतात, याचं हृदय थकलं आहे, विमानाचा प्रवास याला झेपणार नाही, आणि झेपला तरी समुद्रकाठचा उन्हाळा झेपणार नाही. इथे डोंगरात हवा थंड आहे, इथेच ठेवा. मामांनी विचारलं, किती दिवस? डॉक्टर म्हणाला, वर्षभर, देवाच्या मनात असेल तर. आणि सहज म्हणून पुढे म्हणाला, "न्यायचंच होतं तर तीन वर्षांपूर्वी न्यायला हवं होतं." बिचाऱ्याला काय माहीत. परतताना मामा पुढे बसले नाहीत, पिकअपच्या मागे बारक्याशेजारी बसले, आणि खानसाहेबांनी मागची काच उघडी ठेवली.

यार्डात उतरल्यावर मामा मला म्हणाले, "एक्झिट रद्द करा, जावईबापू. कंपनीने ठेवलं नाही तर मालकाच्या पाया पडेन. आणि तिला तुम्ही सांगा. माझ्याने होणार नाही." मालकाने एका शब्दात वर्ष वाढवून दिलं. मामींना सांगणं कठीण होतं. मी फिरवून फिरवून सांगत होतो, त्यांनी मला मध्येच थांबवलं आणि किती दिवस ते विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाल्या, "अठ्ठावीस वर्षं ते माझ्याशिवाय राहिले, मी त्यांच्याशिवाय राहिले. त्यात आणखी एक. पण त्यांना सांगा, मध्येच अर्धवट सोडून येऊ नका. तसे आलात तर अंगाने इथे असाल आणि मनाने तिथेच, आणि तसला नवरा मी पुष्कळ वर्षं सांभाळलाय." मी हे शब्द जसेच्या तसे मामांना सांगितले. ते ऐकताना ते लाकडाच्या ढिगाकडे तोंड करून उभे होते.

बारक्याने ते वर्ष त्या पेटीत काढलं. मामांनी दार काढून ठेवलं आणि पेटी उन्हाच्या दिशेने फिरवली. उंबरठ्याची पट्टी बारक्याने दातांनी कुरतडून ठेवली. तरुणपणी त्याने कधी चप्पलही फाडली नव्हती, म्हातारपणी हा उद्योग सुचला. मामा ती पट्टी रोज पाहायचे आणि रंधा मारायचे नाहीत. अजान झाली की तो आता कोपऱ्यात जाऊ शकत नसे, नुसती मान आत ओढून घ्यायचा. थंडी सरता सरता एका दुपारी तो गेला, मामांचा हात त्याच्या मानेखाली होता. आम्ही त्याला डोंगरात नेलं, जिथे तो सकाळी फिरायला जायचा. खड्डा खणायला खानसाहेब सगळ्यात आधी उतरले. माती लोटून झाल्यावर ते दूर उभे राहिले, दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "अच्छा आदमी था." मामा त्या वेळी रडले. आम्हीही.

जायच्या आधी मामांनी पेटी सोडवली. खाचेचे सांधे असल्यामुळे एकही फळी फुटली नाही. बरंचसं लाकूड त्यांनी कॅम्पातल्यांना वाटलं आणि थोडं स्वतःजवळ ठेवलं. विमानतळावर त्यांचं सामान काट्यावर चढलं तेव्हा एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा ते वजनाच्या आत भरलं.

यंदा गणपतीला मी सुट्टी काढून मामांच्या गावी गेलो. मूर्ती मामांनी ठेवली. पाटावर नव्हे, नव्या सागवानी चौरंगावर. चौरंग इवलासा होता, चारच पाय, मूर्तीपेक्षा बोटभरही जास्त नाही. समोरची कड मात्र रंधा न मारता तशीच ठेवलेली, आणि मामींनी लाल कापड तेवढ्या जागी जरा वर दुमडलं होतं. आरतीनंतर शेजारच्या काकूंनी वाकून पाहिलं आणि विचारलं, नव्या चौरंगाला उंदीर लागला वाटतं? मामींनी मामांकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. प्रसादाची वाटी काकूंच्या हातात देत त्या म्हणाल्या, "हो, उंदीरच. जरा मोठा होता."

मामांनी खिशातून टेप काढली आणि काहीही कारण नसताना ते दाराची चौकट मोजायला लागले.